स्नोबोर्डचं बाइंडिंग: कशावर काय बसतं, आणि बसलेलं ढिलं का होतं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बर्फावर घसरणारे इथे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय. मुक्काम बे एरिया, थंडीतले बहुतेक शनिवार-रविवार टाहोला. प्रश्न दोन आहेत, दोन्ही बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला पक्का धरणाऱ्या भागाचे.

पहिला. बर्टनचा एक वापरलेला बोर्ड बऱ्या किमतीत मिळतोय. त्यावर नेहमीसारखी भोकं नाहीतच. पुढच्या पायाखाली एक लांब खाच, मागच्या पायाखाली एक. माझ्याकडची बाइंडिंग दुसऱ्या कंपनीची आहेत, मधल्या चकतीला चार स्क्रू लागणारी. ती यावर बसतील का? विकणारा म्हणतो, "सगळ्यावर सगळं बसतं." विकणारा दुसरं काय म्हणणार!

दुसरा. माझा सध्याचा बोर्डही वापरलेलाच, बाइंडिंगसकट घेतलेला. पुढचं बाइंडिंग सकाळी कचकचून आवळून निघालो तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत डुगडुगायला लागतं. मागचं मात्र टुणटुणीत. लॉकटाइट (स्क्रूच्या आट्यांना लावायचा गोंद) लावावं का? लावलं तर कोणतं? नेटवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

चुकार

फेविक्विक. धागा संपला.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

बर्फाचा_गोळा

चुकार, तू बस तिकडेच.

कृष्णाकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इकडे सिअ‍ॅटलला एका दुकानात हिवाळ्यात हौसेने हात काळे करतो, तिथे हा प्रश्न दर आठवड्याला येतो.

बहुतेक कंपन्यांच्या बोर्डांवर भोकांच्या दोन रांगा असतात आणि दोन रांगांमध्ये ४ सेंमी अंतर. जुन्या ४×४ पद्धतीत रांगेतल्या दोन भोकांमध्येही ४ सेंमी. हल्लीच्या २×४ मध्ये तेच अंतर २ सेंमी केलंय, म्हणजे दोन पायांमधलं अंतर ठरवताना जास्त जागा मिळतात. २×४ मध्ये एक सोडून एक भोक धरलं की ४×४ च होतं, त्यामुळे चार स्क्रूंची साधी चकती दोन्हींवर बसते. इथे डोकं खाजवायची गरज नाही.

बर्टनचं घर पहिल्यापासून निराळं. नव्वदच्या दशकात त्यांनी थ्री-डी नावाची रचना आणली, भोकं तिरक्या चौकटीत आणि एका पायाला तीनच स्क्रू. असे बोर्ड आता जुन्या बाजारातच दिसतात, पण दिसतात. आजच्या बऱ्याच बाइंडिंगबरोबर थ्री-डीची चकती येत नाही, तेव्हा स्वस्त मिळाला म्हणून उचलण्याआधी चकती हातात आहे का ते बघा. त्यानंतर आली तुम्ही म्हणताय ती खाच, म्हणजे 'चॅनेल'. खाचेत सरकणारे नट असतात आणि एका पायाला दोन स्क्रू पुरतात. पाय मिलिमीटरभर इकडे-तिकडे करायचा असला तरी करता येतो. ही सोय खरोखर चांगली आहे, बाकी बर्टनवर माझा राग असला तरी.

आता बाइंडिंगच्या बाजूने बघू. बर्टनची 'ईएसटी' बाइंडिंग फक्त चॅनेलवर बसतात. त्यांना मधली चकतीच नसते, स्क्रू तळव्याच्या दोन्ही कडांना येतात. त्यांचीच 'रीफ्लेक्स' बाइंडिंग चकतीवाली, ती योग्य चकती असेल तर ४×४, थ्री-डी आणि चॅनेल तिन्हींवर बसतात. इतर कंपन्यांची बहुतेक बाइंडिंग चॅनेलवर बसतात, पण त्यासाठी चकतीला चॅनेलची लांबट खाच हवी किंवा चॅनेलची वेगळी चकती हवी. तुमची चकती उलटी करून बघा. चार भोकांखेरीज मधल्या रेषेवर समोरासमोर दोन भोकं किंवा खाचा असतील तर काम झालं. नसतील तर त्याच कंपनीची, त्याच बाइंडिंगच्या मापाची चॅनेलची चकती मागवा. एका कंपनीची चकती दुसरीच्या बाइंडिंगमध्ये 'जवळपास' बसते, आणि ते जवळपासच घातक. चकतीचे दाते बाइंडिंगच्या दात्यांत पूर्ण बसले पाहिजेत.

स्क्रू मात्र सगळीकडे एम६, म्हणजे ६ मिमी जाडीचे, आट्यांचं अंतर १ मिमी. गोंधळ होतो तो लांबीत.

विकणाऱ्याचं वाक्य दुरुस्त करून सांगायचं तर: योग्य चकती असेल तर बहुतेक सगळ्यावर बहुतेक सगळं बसतं.

आल्प्सचा_पाऊस

गोळाभाऊ, मस्त प्रतिसाद. एक बाळबोध शंका. मी स्कीवाला. आमच्या बाइंडिंगवर डीआयएनचा आकडा असतो, वजन-उंची-वय बघून दुकानदार तो लावतो, पडलो की बूट सुटतो. बोर्डवर तसा आकडा कुठे असतो?

बर्फाचा_गोळा

नसतोच. बोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, सुटू नये अशीच त्याची रचना आहे. दोन्ही पाय एकाच फळीवर, एक सुटला आणि एक अडकला तर गुडघ्याची वाट लागेल. म्हणूनच इथे स्क्रू ढिला होणं ही नुसती कटकट नाही. पुढचं बाइंडिंग भर वेगात बोर्डावरून निघालं तर तोच प्रकार होतो.

नटबोल्ट

धंदाच आट्यांचा (आधी चाकण, आता श्टुटगार्टजवळ), म्हणून दुसऱ्या प्रश्नात तोंड घालतो.

बहुतेकांना वाटतं की थरथरीने स्क्रू फिरतो, म्हणून बाइंडिंग ढिलं होतं, म्हणून स्क्रू चिकटवून टाकला की झालं. हा क्रम उलटा आहे. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवलं की बोल्टला त्याच्या उभ्या दिशेने हादरे दिले तर तो सहजासहजी सुटत नाही. पण त्याने धरलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले, अगदी केसभर जरी, की आट्यांतलं आणि डोक्याखालचं घर्षण फिरण्याच्या दिशेने निकामी होतं आणि बोल्ट आपसूक उलटा फिरतो. बोल्ट सुटण्याची चाचणी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

आता बोर्डावर काय होतं बघा. तुम्ही टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर, परत टाचेवर असं दिवसभर करत असता. प्रत्येक वेळी चकतीला आडवा धक्का. स्क्रूंनी चकती बोर्डावर पुरेशा दाबाने धरली असेल तर चकती घसरत नाही, आणि ती घसरत नसेल तर स्क्रू फिरायचं कारणच उरत नाही. म्हणजे ढिलं होणाऱ्या बाइंडिंगला पहिला प्रश्न 'काय लावलं?' हा नको. 'दाब का मिळत नाहीये?' हा हवा.

दाब न मिळण्याची कारणं मोजकी आहेत. चकतीखाली वाळू, बर्फ किंवा जुन्या मेणाचा थर. दाते अर्धवट बसलेले, म्हणजे चकती बोर्डाला टेकण्याआधी बाइंडिंगवरच अडकलेली. वॉशर गहाळ, त्यामुळे स्क्रूचं डोकं प्लास्टिकमध्ये रुततंय. स्क्रू आखूड, दोन-तीन आट्यांवरच लटकलेला. आणि सगळ्यात फसवं म्हणजे स्क्रू लांब, भोकाच्या तळाला टेकलेला. हाताला लागतं की घट्ट झाला, पण तो घट्ट झालाय तळाशी. चकती तशीच मोकळी.

पुढचं ढिलं आणि मागचं पक्कं, हे तुमचं लक्षण मला स्क्रूच्या लांबीकडे बोट दाखवणारं वाटतं. एकाच दिवशी, एकाच बर्फात, एकाच माणसाने आवळलेली दोन बाइंडिंग वेगळी वागतात तेव्हा हवामानाला दोष देता येत नाही.

कृष्णाकाठ, हे करून सांगा. पुढचं बाइंडिंग काढा. बाइंडिंग न लावता एकेक स्क्रू नुसत्या बोटांनी भोकात फिरवा आणि तळाला टेकेपर्यंत पूर्ण फेरे मोजा. आट्यांचं अंतर १ मिमी असल्याने जितके फेरे तितके मिलिमीटर खोली. फुटपट्टी लागत नाही. बोटांनीच, स्क्रू ड्रायव्हरने नाही, नाहीतर तळ फोडाल. मग तोच स्क्रू वॉशरसकट चकतीत घालून खाली किती आटे बाहेर येतात ते मोजा. बाहेर आलेली लांबी खोलीपेक्षा कमी हवी, पण पाच-सहा फेऱ्यांपेक्षा कमी नको. एम६ ला साधारण त्याच्या जाडीइतकी पकड असली की निर्धास्त.

चुकार

म्हणजे फेविक्विक नको?

नटबोल्ट

नको. ते कडक आणि ठिसूळ होतं, थंडीत धक्के खाऊन तडकतं. शिवाय चकतीवर ओघळलं तर बाइंडिंग आणि बोर्ड यांचं लग्न लागेल.

मावशी_ऑन_एज

टोरांटोहून. नाव बघून हसू नका, पन्नाशीत बोर्ड शिकले आणि अजून दोन्ही गुडघे शाबूत आहेत.

तुम्ही पोरं फार शास्त्र सांगता. मी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप स्क्रूला दोन वेढे गुंडाळते आणि आवळते. कित्येक हिवाळे झाले, एकही स्क्रू ढिला नाही. ब्लू माउंटनला शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं होतं. दहा मिनिटांचं काम, वाळायची वाट बघायला नको, उन्हाळ्यात सुटतंही पटकन.

नटबोल्ट

मावशी, टेफ्लॉन हे जगातल्या सगळ्यात निसरड्या पदार्थांपैकी एक. आटे निसरडे झाले की त्याच ताकदीत स्क्रू जास्त आत जातो, म्हणजे दाब वाढतो. तुमचं बाइंडिंग टिकतंय ते बहुधा त्यामुळे, टेपने 'धरून ठेवल्यामुळे' नाही. धोका इतकाच की ताकदीचा माणूस त्याच भरात इन्सर्ट, म्हणजे बोर्डात बसवलेलं आट्यांचं धातूचं भोक, वर ओढून काढेल. मग बोर्डाच्या तळाला खळगा पडतो.

मावशी_ऑन_एज

म्हणजे टिकतंय हे कबूल आहे तर.

नटबोल्ट

कबूल.

आल्प्सचा_पाऊस

आमचे शेजारी स्प्रिंग वॉशर घालतात, ते चिरलेले, जरा उचललेले. ते बरे नाहीत का? भारतात तर प्रत्येक पंख्याला असतात.

नटबोल्ट

पंख्याला असतात म्हणून पंखा थांबलाय असं नाही! नासाने १९९० साली बोल्ट-स्क्रूंवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात चिरलेल्या वॉशरबद्दल रोखठोक लिहिलंय की बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत तो सपाट झालेला असतो आणि तेव्हा तो साध्या वॉशरइतकंच काम करतो, अडवून ठेवण्यासाठी निरुपयोगी. बाइंडिंगबरोबर आलेले वॉशर वापरा. काहींना खालून बारीक दाते असतात. ते चकतीच्या खोबणीत बसायचे असतात, उलटे लावू नका.

सह्यघाट

पुण्यातून. फेब्रुवारीत गुलमर्गला स्वतःचा बोर्ड घेऊन जाणार आहोत, चौघे जण. त्यामुळे धागा वाचनखुणेत. दोन प्रश्न: (अ) घरी बसवून न्यावं की तिथे जाऊन? (आ) अवजारं काय न्यावीत? आमच्याकडे घरी स्टार स्क्रू ड्रायव्हर आहे.

बर्फाचा_गोळा

(आ) आधी. घरातला स्टार स्क्रू ड्रायव्हर जवळजवळ नक्की दोन नंबरचा असणार. बाइंडिंगच्या स्क्रूंना फिलिप्स (म्हणजे स्टारच) तीन नंबर लागतो, टोक जाड आणि बोथट. दोन नंबर त्यात बसल्यासारखा वाटतो, मग जोर लावला की निसटतो आणि डोक्याचा चौक खाऊन टाकतो. खराब स्क्रूंची मला दिसणारी सगळ्यात मोठी फॅक्टरी हीच. हार्डवेअरच्या दुकानात 'तीन नंबर' असं स्पष्ट सांगून मागा, जाड मुठीचा घ्या. खिशातला छोटा टी आकाराचाही चालतो, पण घरून आवळताना मूठ हवी.

आल्प्सचा_पाऊस

इथे स्कीवाल्याची एक भर. स्कीच्या बाइंडिंगचे स्क्रू पोझिड्राइव्ह असतात, फिलिप्स नव्हे, आणि युरोपात बोर्डाच्या बाइंडिंगवरही कधीकधी ते दिसतात. ओळख सोपी: मुख्य चौकाच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या असतील तर पोझिड्राइव्ह. त्यालाही तीन नंबरच लागतो, पण पोझिड्राइव्हचा. फिलिप्स घातला तर वरवर चालतो आणि चौक हळूहळू गोल होतो.

बर्फाचा_गोळा

बरोबर. आणि ड्रिल मशीन अजिबात नको. बॅटरीवरच्या ड्रिलला कळत नाही कुठे थांबायचं.

(अ) घरी बसवून, पक्कं करून, मग प्रवासासाठी काढायचं असेल तर काढा. चकतीचा कोन आणि जागा यांचा फोटो ठेवा. बहुतेक चकत्यांचा एक दाता म्हणजे ३ अंश, त्यामुळे अंदाजाने 'साधारण तसंच' लावलं की गुडघ्याला संध्याकाळी कळतं. तिथे गेल्यावर हॉटेलच्या खोलीत लावा, बाहेर बर्फात नाही. चकती आणि बोर्ड यांच्यामध्ये बर्फाची पापुद्र्याएवढी चकाकी राहिली की ती दाबाखाली वितळते आणि तेवढी फट तयार.

नटबोल्ट

यात दोन गोष्टी घालतो. चकत्या बहुतेक काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, स्टीलसारखं जागेवर राहत नाही. म्हणून आज लावलेलं बाइंडिंग उद्या सकाळी पुन्हा आवळलं तर पाव फेरा सहज जातो. शिवाय थंडीत प्लास्टिक स्टीलपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. २२ अंशांच्या खोलीत आवळलेलं वर गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या गारठ्यात थोडं सैल झालं तर त्यात भुताटकी काही नाही. पहिल्या एक-दोन उतरणींनंतर खाली येऊन एकदा हात फिरवायचा, एवढंच.

सह्यघाट

खूप आभार. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा मधल्या कोंगडोरी स्थानकाहून वर साधारण ३,९८० मीटरवर सोडतो, तिथून खाली येईपर्यंत दुकान वगैरे काही नाही. म्हणून जादा स्क्रू नेऊ म्हणतो.

बर्फाचा_गोळा

न्याच. चार स्क्रू, चार वॉशर, घोट्याच्या पट्ट्याचा एक जादा स्क्रू-नट आणि एक दातेरी पट्टी. हे सगळं काड्यापेटीत मावतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लिफ्टच्या पायथ्याशी साखळीला बांधलेले स्क्रू ड्रायव्हर असतात, तुम्ही ते गृहीत धरू नका. आणि विमानात स्क्रू ड्रायव्हर चेक-इनच्या सामानात टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत तो तिथेच राहील.

कृष्णाकाठ

मंडळी, हजेरी लावतो. काल रात्री मोजमाप केलं.

भोकांची खोली चारही ठिकाणी सात फेरे. चकतीतून दोन स्क्रू सहा आटे बाहेर येतात, आणि दोन स्क्रू आठ! बाजूला धरले तर लांबीत २ मिमीचा फरक, डोकी हुबेहूब सारखी. लांब दोन्ही एकाच बाजूला होते, बोटांच्या बाजूला. काढण्याआधी त्यांच्याखालचे वॉशर बोटाने फिरवून पाहिले, गरागरा फिरले. वरून मात्र स्क्रू दगडासारखे घट्ट. मागच्या बाइंडिंगचे चारही सहा आटेवाले.

नटबोल्ट

सापडला चोर. सात मिमी भोकात आठ मिमी स्क्रू म्हणजे ते दोघे तळावर उभे राहून नुसते मिरवत होते. टाचेकडच्या दोघांच्या जिवावर अख्खं बाइंडिंग. बोटांच्या कडेवर गेलात की टाच उचलली जाणार, टाचेवर आलात की बोटांकडची बाजू उचलली जाणार आणि तिथे धरायला कोणी नाही. दुपारपर्यंत टिकत होतं हेच नवल.

आता बोर्ड उलटा करा आणि त्या दोन भोकांच्या बरोबर खाली तळावरून बोट फिरवा. फुगवटा लागतो का?

कृष्णाकाठ

एका ठिकाणी अगदी बारीक लागतो. दिव्याखाली तिरकं धरल्यावर दिसतो. भाजीच्या डागाएवढा, खपली वगैरे नाही.

बर्फाचा_गोळा

फुटलेलं नसेल तर चालवा. त्यावर घासकाम करू नका, तळ पातळ होईल. पुढे कधी तिथे चीर दिसली तर दुकानात दाखवा, चिरेतून पाणी आत गेलं की लाकडी गाभा सडतो.

नवे दोन स्क्रू घेताना मागच्या बाइंडिंगमधला एक नमुना म्हणून बरोबर न्या. वापरलेल्या सामानात हे फार होतं. कोणीतरी कधीतरी हरवलेल्या स्क्रूच्या जागी डब्यातला हाताला लागेल तो घातलेला असतो.

मावशी_ऑन_एज

आणि लॉकटाइटचं काय? पोराने मूळ प्रश्न तो विचारला होता. शास्त्रात वाहून गेला.

नटबोल्ट

खरंय मावशी.

लांबी बरोबर, चकती स्वच्छ, आवळणं बरोबर, एवढं झाल्यावर लॉकटाइट ही वरची खबरदारी. निळं घ्या, २४२ किंवा २४३. दोन्ही मध्यम ताकदीची, हातातल्या अवजाराने सुटतात. लाल नको. ते सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि बोर्डाच्या आत गोंद, लाकूड आणि प्लास्टिकचा तळ. बोर्ड सुटेल, स्क्रू राहील.

लावायचं थेंबभर, स्क्रूच्या टोकाकडच्या आट्यांना. डोक्याकडे नाही, चकतीवर तर नाहीच. काही प्लास्टिकना, विशेषतः पॉलीकार्बोनेटला, ते ओलं असताना बाधतं. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमध्ये बारीक चिरा जातात, आणि ती चीर तुम्हाला महिन्याभराने भलत्याच वेळी दिसते. ओघळ आला तर लगेच पुसा.

ते हवेत वाळत नाही. धातूचा स्पर्श आणि हवेचा अभाव असला की घट्ट होतं. बाटली विकत घेतल्यावर अर्धी रिकामी दिसते ती याच कारणाने, आतल्या हवेमुळे ते पातळ राहतं. दुकानदाराशी भांडू नका. स्टेनलेस स्टीलवर आणि थंडीत त्याला जास्त वेळ लागतो, म्हणून घरात लावा आणि २४ तास बोर्ड तसाच राहू द्या. गॅरेज गोठलेलं असेल तर जास्त. गाडीत लावून तासाभरात लिफ्टमध्ये बसणं म्हणजे आट्यांना तेल लावून निघणं.

बऱ्याच नव्या स्क्रूंच्या आट्यांवर आधीच अशाच गोंदाचा निळा पट्टा असतो, तो एक-दोनदा वापरला की संपतो. तोवर वेगळं काही लागत नाही.

बर्फाचा_गोळा

मी स्वतः लावत नाही. मी बाइंडिंग वारंवार हलवतो, पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) असली की मागे, उड्या मारायच्या पार्कमध्ये मध्यावर. जो महिनोन्महिने एकाच जागी ठेवतो त्याने खुशाल लावावं. पण लावलं म्हणून तपासायचं सोडणारे मी पाहिलेत, त्यांच्यापेक्षा काहीच न लावता रोज सकाळी हात फिरवणारा बरा.

आणि आवळताना एकेक स्क्रू पूर्ण करत जाऊ नका. चारही हलके लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने. गाडीचं चाक लावतात तसं. शेवटी तीन नंबरने मनगटाच्या जोरावर घट्ट, कोपराचा जोर नको. तपासणीसाठी मागचा आधार, म्हणजे हायबॅक, धरून बाइंडिंग पिळा. बाइंडिंग चकतीभोवती हललं तर दाते बसले नाहीत. चकतीच बोर्डावर हलली तर स्क्रूंचं दुखणं. दोन्ही नाही आणि तरी करकर वाजतंय, तर बहुतेक वेळा चकतीखाली खडा असतो.

कृष्णाकाठ, नवा बोर्ड घेतलात तर चॅनेलची खाच बसवण्याआधी जुन्या टूथब्रशने साफ करा, तिथे मीठ-वाळू-बर्फ साचतं. आणि जुन्या बोर्डाचे स्क्रू त्यात वापरू नका. चॅनेलच्या चकतीबरोबर येतात तेच. लांब स्क्रू खाचेच्या तळाला टेकतो, म्हणजे आत्ता सुटलेलीच गोष्ट नव्याने.

आल्प्सचा_पाऊस

मोसम संपल्यावर स्क्रू काढून ठेवायचे की नाही? लाख मतं आहेत.

बर्फाचा_गोळा

निदान सैल करा. महिनोन्महिने इन्सर्ट वर ओढलेले राहिले की तळाला चार खळग्यांची रांगोळी दिसायला लागते. गरम इस्त्रीने मेण लावताना तर काढाच, स्क्रूभोवतालचा भाग वेगळा तापतो. काढून ठेवले तर पिशवीत घालून पिशवी हायबॅकला बांधा, ऑक्टोबरमध्ये घरभर शोधायला नको.

चुकार

गंभीर प्रश्न विचारतो, खरंच. चौक पूर्ण गोल झालेला एक स्क्रू आहे. तीन नंबर फिरतो पण स्क्रू फिरत नाही. (हो, दोन नंबरने आवळला होता. शेजाऱ्याने. शपथ.)

बर्फाचा_गोळा

शेजाऱ्याला नमस्कार सांगा.

आधी रुंद रबरबँड चौकावर ठेवून त्यावरून तीन नंबर दाबून फिरवा, अंगाचं वजन टाकून, हळू. नाही जमलं तर स्क्रू ड्रायव्हर चौकात धरून वर हातोडीचे हलके टोले, तेही बोर्डाखाली सपाट आधार ठेवून, तळ लोंबकळत नको. त्याउपर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आहे, पण हाताची सवय नसेल तर दुकानात न्या. भोकाचे आटेच गेले असतील तर एम६चा टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवून बघता येतो. इन्सर्टच गाभ्यात गरगर फिरत असेल तर घरचं काम नाही, थांबा.

सह्यघाट

आम्ही आज तीन नंबर घेतला. पहिल्या दुकानदाराने दोन नंबर देऊन "हाच तीन असतो" असं सांगितलं. दुसरीकडे मिळाला. चौघांच्या बाइंडिंगचे फेरे मोजले, सगळे नीट निघाले, फक्त एका चकतीचा एक वॉशर गायब.

नटबोल्ट

वॉशर त्याच मापाचा टाका. मोठा टाकला तर चकतीच्या खोबणीत न बसता कडेवर चढेल.

मावशी_ऑन_एज

माझा एक. भाचीच्या मुलीला, वय सात, लहान बोर्ड आणि वेगळी घेतलेली बाइंडिंग आहेत. तिच्या बापाने माझ्या डब्यातले जादा स्क्रू घालून बसवलं. टेपसकट. आता हे सगळं वाचून जीव धाकधूक करतोय.

नटबोल्ट

लहान बोर्ड पातळ, त्यामुळे भोकं उथळ असू शकतात. तुमच्या डब्यातले स्क्रू मोठ्यांच्या बाइंडिंगचे. आजच्या आज काढून बोटांनी फेरे मोजायला सांगा, टेप सोडवून. आणि तळाचा फोटो टाका, दिव्याखाली तिरका धरून.